दाऊद मास्तरांचे जोडे

परत आल्यापासून जो तो विचारतो, मराठवाड्यात काय काय पाहिलंत? नांदेडचा गुरुद्वारा पाहिलात का, औशाचा किल्ला पाहिलात का? मी सांगतो, एक विहीर पाहिली, आणि तीही बंद. त्यावर माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात आणि विषय बदलतात. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मी नगरचा. तिथल्या एका धर्मशास्त्राच्या विद्यालयात नवा करार शिकवतो. शिकवतो म्हणजे, आमच्या हिच्या भाषेत, शुभवर्तमानाचे टाके उसवतो. येशू नावाचा माणूस गालीलात होऊन गेला. त्यानं स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. तो गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याचं पहिलं चरित्र कागदावर आलं. मधली चाळीस वर्षं सगळा कारभार तोंडी. तेव्हा त्यातलं त्याचं स्वतःचं किती आणि मंडळीनं भक्तीपोटी मागाहून घातलेलं किती, हे निवडणं हा माझा धंदा. या निवडण्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोघांनी तीच गोष्ट सांगितली, तर तिला वजन जास्त. दुसरी कसोटी माझी विशेष लाडकी, लाजेची. जे सांगताना सांगणाऱ्यालाच लाज वाटावी, ते त्यानं रचलेलं नसणार. येशूनं योहानापुढे वाकून बाप्तिस्मा घेतला, गुन्हेगारांच्या मधोमध तो वधस्तंभावर मेला, असलं कुठला भक्त मनानं रचील? म्हणून ते खरं धरायचं. वर्गात कुणी काही ठासून बोललं की मी विचारतो, "कशावरून?" पोरांनी माझं नावच 'कशावरून सर' पाडलंय. मला ते आवडतं हे मी त्यांना कळू दिलेलं नाही.

सामुएल हा माझा जुना विद्यार्थी. आता लातूरला एका लहानशा मंडळीचा पाळक आहे. चैत्र लागता लागता त्याचं पत्र आलं. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्याचं गाव. तिथली एक मोठी विहीर चाळीस वर्षं बंद आहे. रझाकारीच्या एक-दोन वर्षं आधी, अशाच एका दुष्काळात, त्या भागातले पहिले सुवार्तिक दाऊद मास्तर तिच्यात बुडून गेले. त्यांनी जीव दिला असं गाव म्हणतं आणि आमची मंडळीही म्हणते. म्हणून त्यांना दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. यंदा गावचे बोअर आटले. नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीनं जुन्या विहिरींचा गाळ काढायला मंजुरी दिली, पण ही विहीर उघडायला गाव राजी नाही. पाय घसरून कुणी गेलं असेल तर विहीर उपसून, नारळ फोडून पुन्हा वापरायची, ही तिथली रीत. जीव दिलेल्याच्या विहिरीचं पाणी मात्र कुणी तोंडाला लावत नाही. सामुएलनं शेवटी लिहिलं होतं, "मास्तर पडले की त्यांनी उडी घेतली, एवढं तुम्ही ठरवा. शिकलेला तिऱ्हाईत माणूस सांगेल ते मानू, असं गाव म्हणतं. त्यांची मुलगी राहेलबाई अजून आहे. वडिलांना भिंतीच्या आत आणायचं, एवढंच तिला हवंय."

खरं सांगायचं तर पत्र वाचून मला आनंद झाला. एक उपदेशक, कागदाचा पत्ता नाही, चाळीस वर्षांची तोंडी परंपरा. माझ्या शास्त्राला आयतं मैदान मिळालं होतं. गावाची तहान मला पत्राच्या दुसऱ्या वाचनात दिसली.

उमरी

सामुएल मला घ्यायला नांदेडला आला आणि आम्ही उमरीला गेलो, कारण दाऊद मास्तर मूळचे त्या बाजूचे, गोदावरीकाठचे. त्यांच्या हाताखाली शिकलेले अब्राहाम गुरुजी तिथे होते. वय ऐंशीच्या घरात, डोळे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. सुनेनं आमच्यापुढे बशांत सुशीला ठेवली. नगरचा माणूस मुरमुऱ्यांची भेळ करतो, इथे ते भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात. मी दोन बशा खाल्ल्या. पाणी मात्र अर्धा पेलाच मिळालं, आणि तेही देताना सुनेनं आत वाकून हंड्यात किती उरलंय ते पाहिलं.

गुरुजींनी मास्तरांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि माझी वही भरू लागली. मास्तर टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तन करायचे. विंचू चावलेल्या माणसाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला की वेदना उतरायची. एकदा गोदावरीला पूर आला असताना त्यांनी पाण्यात उडी टाकून वाहत चाललेली शेळी काढली. शेजारचे एक म्हातारे ऐकत बसले होते, ते म्हणाले, शेळी नव्हे, वासरू होतं. गुरुजी म्हणाले, असेल. अजून तासभर बसलो असतो तर म्हैस झाली असती. मी मनात हसलो. गोष्टी अशाच वाढतात हे मी वर्गात वीस वर्षं सांगत आलोय, इथे ती माझ्यासमोर वाढत होती.

"जनावर कोणतं का असंना," गुरुजी म्हणाले, "मास्तर पाण्यातला माणूस होता. लोकांच्या विहिरीत पडलेल्या घागरी काढून द्यायचा. बुडी मारली की आम्ही शंभर मोजायचो."

मी ते सगळं 'दंतकथा' या मथळ्याखाली लिहून घेतलं आणि वही मिटली.

मुरुड

लातूरला उतरून दुसऱ्या दिवशी जवळच्याच मुरुडला गेलो. वाटेत दोन्हीकडे काळी रानं फाटलेली, भेगांत हात जाईल अशी. मुरुडच्या बाजारात शिवलिंगप्पांचं कापडाचं दुकान आहे. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं ऐसपैस की गिऱ्हाईक कापड विसरून बसून राहावं. दुष्काळात गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे आमचं स्वागत जोरात झालं. अप्पा त्या काळी वडिलांच्या शेजारी गल्ल्याजवळ बसायचे. मास्तर गावोगाव हिंडताना मुरुडच्या बाजारी यायचे, ते त्यांना चांगले आठवत होते.

अप्पांच्या आठवणीतले मास्तर संत नव्हते. तपकीर ओढायचे, थट्टा करायचे, सदऱ्याच्या कापडात खोट काढायचे. मला हे फार बरं वाटलं. भक्त सांगतो त्यापेक्षा दुकानदार सांगतो तो माणूस मला नेहमी खरा वाटतो. मग अप्पांनी एक बारीकशी गोष्ट सांगितली. मास्तरांकडे कातडी जोडे होते, पण बाजाराची वेस आली की ते पायांतून काढून हातात घ्यायचे, आणि दुकानाच्या ओट्याखाली ठेवताना अगदी जोडीनं ठेवायचे.

"आमच्या वडलांनी काढ म्हणून कधी सांगितलं न्हाई," अप्पा म्हणाले. "तवा सांगावं लागतच नव्हतं." आणि त्यांनी हातातली फूटपट्टी उगाच सरळ केली.

मी वहीत लिहिलं, 'स्वभाव टापटिपीचा'. सामुएल माझ्या शेजारी बसून ते वाचत होता. त्यानं स्वतःचे पाय आत ओढून घेतले.

लातूर

लातूरला जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' रंगवून टाकलेलं, तरी उन्हात ते खालून दिसायचं. म्हातारी माणसं 'जिल्ह्याला जायचंय' म्हणून अजून उस्मानाबादच्या एसटीत बसत. मास्तरांच्या मृत्यूचा पंचनामा मिळतो का, ते पाहायला मी एक सकाळ घालवली. कारकून भला होता. त्यानं समजावलं की निजामाच्या राज्यात निलंगा बिदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, आता लातुरात. कागद उर्दूत असणार, आणि तो या तिन्हीपैकी कुठेतरी असणार किंवा नसणार. मग त्यानं मला चहा पाजला. एकूण कागदाचा आधार संपला, आणि मी पुन्हा माझ्या गालीलात येऊन बसलो.

संध्याकाळी राहेलबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या, ताठ कण्याच्या बाई. टँकरच्या रांगेतून आत्ताच आल्या होत्या, लुगड्याचा काठ ओला होता. त्यांनी येसराची, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. भाकरी मोडून आमटीत कुस्करायची, वर करडईचं कच्चं तेल. आमच्याकडे पाहुण्याला भात नसला तर चुकल्यासारखं वाटतं. इथे भाताची आठवणही झाली नाही.

वडील गेले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. आई आधीच वारलेली. त्या दिवशी सकाळी वडील निघाले आणि दारातून वळून म्हणाले, भाकर झाकून ठेव, येतोच. एवढंच त्यांना आठवत होतं. त्यांनी भाकर झाकून ठेवली. दुपारनंतर विहिरीच्या काठावर जोडे सापडले, जोडीनं ठेवलेले, आणि आत वडील. बाहेरगावचे पाळक बैलगाडीनं आले. जोडे नीट काढून ठेवलेत म्हणजे विचार करून केलंय, असं म्हणून त्यांनी भिंतीबाहेर खड्डा खणायला लावला. "जीव द्यायला निघालेला माणूस भाकर झाकून ठेव म्हणतो का, सर?" राहेलबाईंनी विचारलं.

इथे मी जे केलं ते लिहायला मला जड जातंय. मी त्यांना माझी कसोटी समजावून सांगितली. म्हणालो, आपल्याच पहिल्या सुवार्तिकानं जीव दिला, ही गोष्ट मंडळीला लाजेची आहे. मंडळी ती रचणार नाही. तरीही मंडळी चाळीस वर्षं ती सांगते आहे, म्हणून ती बहुधा खरी. आणि भाकरीचं वाक्य? लेकीचं मन मागाहून असं वाक्य तयार करतं, त्यात खोटेपणा नसतो, असं होतं. मी हे शक्य तितक्या मायेनं सांगितलं. मायेनं सांगितलं म्हणून ते कमी लागलं असेल, असं त्या वेळी मला वाटलं होतं.

राहेलबाई माझं ताट उचलायला उठल्या. उभ्यानंच म्हणाल्या, "तुम्ही येशूबद्दल बी असंच ठरवता?"

मी हो म्हणालो.

"त्याची लेक न्हाई तर आई तुमच्यासमोर बसलेली नसते. म्हणून जमतं."

मी खाली मान घालून हात धुतले. तांब्यातलं पाणी किती वापरावं ते मला कळेना.

निलंग्याच्या पुढे

दुसऱ्या दिवशी निलंग्याहून पुढची एसटी धरली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हद्दीजवळचा मुलूख, मराठीत मधूनच कानडी मिसळते आणि वडीलधाऱ्या बाईला सगळे 'अक्का' म्हणतात. माझा निकाल गावाला सांगायचा आणि परतायचं, असं ठरलं होतं. मला निकालाची खात्री होती आणि तो सांगायची अजिबात इच्छा नव्हती.

विहीर बापूरावांच्या शेतात. पूर्वीच्या पाटलांचं हे घर, आता बापूराव सरपंच. चाळिशीच्या आतले, अदबशीर गृहस्थ. आम्हाला विहीर दाखवायला स्वतः घरातून निघाले, आणि त्यांच्या मागून त्यांची आई काशीबाईही काठी टेकत आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मला वाटलं, म्हातारीला पाहुण्यांचं कुतूहल असेल.

शेताचा बांध आला. सामुएलनं चपला काढल्या आणि हातात घेतल्या. जमीन तव्यासारखी तापलेली. मी म्हणालो, अरे, पाय भाजतील. तो म्हणाला, सवय आहे, सर. बापूराव गडबडले. "राहू द्या, पास्टर, घाला. आता तसलं काही राहिलं न्हाई," असं म्हणून ते भराभर पुढे चालू लागले.

कसलं काही राहिलं नाही, असं मी सामुएलला विचारलं. तो या गावच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, दाऊद मास्तर राहायचे त्याच वस्तीतला. त्याचे कान लाल झाले, आणि त्यानं सांगितलं. या शेतात वस्तीतल्या माणसानं जोडे घालून पाऊल टाकायचं नव्हतं, त्याचे आजोबा हातात घ्यायचे, वडील घ्यायचे. आता कुणी सांगत नाही, पण पाय ऐकत नाहीत.

"आणि हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"लाज वाटली, सर," सामुएल म्हणाला. "तेव्हाही कुणी पाळकांना सांगितलं नसेल, ते याच्यामुळेच."

मी बांधावरच थांबलो. काठावर जोडीनं ठेवलेले जोडे. मुरुडच्या ओट्याखालचे जोडीनं ठेवलेले जोडे. शंभर मोजेपर्यंत पाण्यात राहणारा माणूस. सगळं माझ्या वहीत होतं, माझ्याच अक्षरात, चुकीच्या मथळ्यांखाली. ते जोडे मरायला निघालेल्या माणसानं काढलेले नव्हते. ते त्याला काढावेच लागत होते, रोज, या बांधावर. लाजेची कसोटी मी लावली होती, पण लाज कुणाची हे पाहायचं राहून गेलं होतं. आत्महत्येची गोष्ट मंडळीनं रचलेली नव्हतीच. ती तिला दिली गेली होती, आणि खरी गोष्ट सांगण्यात आणखी मोठी लाज असल्यानं तिनं ती मुकाट्यानं घेतली होती. कुणी दिली, हे विचारायला मी बापूरावांच्या मागे गेलो.

विहीर कडुनिंबाखाली होती, तोंडावर फरश्या आणि बाभळीच्या काट्या. पण मला विचारावं लागलं नाही. काशीबाई तिथल्या दगडावर बसल्या होत्या, आणि आमचं बोलणं त्यांनी बांधापासून ऐकलं असावं.

"त्याला म्या बोलावलं व्हतं," त्या म्हणाल्या.

बापूराव म्हणाले, "अक्का, कशाला आता ते."

"पाणी पायजे का न्हाई तुला?" त्या लेकाला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्याची पोरगी व्हती एक. हाय का?"

आहे, लातूरला, असं सामुएल म्हणाला.

"तिला आणा. तिच्याम्होरं सांगते. आधी न्हाई."

आणि खरंच त्या दिवशी त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. सामुएल परतीच्या एसटीनं लातूरला गेला. मी बापूरावांकडे राहिलो. जेवणात धपाटे आणि जवसाची चटणी होती, पण आम्हा दोघांचंही जेवणात लक्ष नव्हतं. बापूराव फक्त एकदा म्हणाले की वडील वाईट माणूस नव्हते. मी म्हणालो, नसतील.

विहिरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाच्या गाडीनं राहेलबाई आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तो त्यांचा हक्क होता. त्यांच्या घरी झालेलं बोलणं मी या गावात कुणापाशी काढलं नव्हतं, आणि सामुएलनंही नाही, हे मी नंतर त्याला तीन वेळा विचारून घेतलं. ते का, हे पुढे कळेल. बांधाशी आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, आणि चपला पायांत ठेवून आत आल्या. कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. काशीबाई कालच्याच दगडावर होत्या. त्यांनी राहेलबाईंना समोर बसवलं आणि खाली बघत सांगायला लागल्या.

त्या तेव्हा लग्न होऊन पंधरा दिवसांची सून. माहेरून आलेली नवी तांब्याची घागर, कासाराकडून तिच्यावर नाव घालून घ्यायचंसुद्धा राहिलेलं. दुष्काळानं पाणी खोल गेलेलं, दोर सुटला आणि घागर तळाशी गेली. सासू कडक. ती शेजारगावी गेली होती, पुरुष खळ्यावर. वाटेनं दाऊद मास्तर चालले होते. ते बुडी मारून भांडी काढतात हे गावाला माहीत होतं. एरवी त्यांच्या वस्तीला या विहिरीचं पाणी वरून ओतून मिळायचं, पोहऱ्याला शिवायचं नाही. पण भांडं पडलं की गुपचूप त्यांनाच आत उतरवायचे, आणि ते उतरले होते हे कुणी बोलायचं नाही. काशीबाईंनी हाक मारली. मास्तर जोडे हातात धरून आले, काठावर ठेवले, सदरा काढून दिला, आणि उतरले. दोनदा वर आले. तिसऱ्यांदा आले नाहीत. खाली पाणी थोडं आणि गाळ फार होता.

सासरे आले. सुनेनं वस्तीतल्या माणसाला विहिरीत उतरवलं हे उघड झालं तर घरानंच विहीर बाटवली म्हणून गाव बोंबलेल, आणि निजामाचे शिपाई सुनेला चावडीवर नेतील. सासऱ्यांनी सदरा आत टाकून दिला. जोडे राहू दिले. पाळकांनी येऊन जोड्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा सासरे म्हणाले, होय, तसंच असणार. त्या जोड्यांचा अर्थ तिथे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होता, एकट्या पाळकांना सोडून.

"घागर माझी व्हती," काशीबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं माझ्याच घरात मला बोलता आलं न्हाई. तुझ्या बापानं जीव न्हाई दिला, माय. माझ्यापायी गेला त्यो."

राहेलबाईंनी एकच विचारलं, वडील शेवटी काही बोलले का.

"मी रडत व्हते. दुसऱ्यांदा वर आला, पायरीला धरून दम घेतला. म्हणला, रडू नगं, पोरी, आता घावतीय घागर. मला बी बिगीनं घरी जायचंय. माझी पोरगी भाकर झाकून बसली आसंल."

राहेलबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही. त्यांनी पुढे होऊन काशीबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि त्या दोघी म्हाताऱ्या तशाच बसून राहिल्या. मी, वीस वर्षं या शास्त्राचा मास्तर, कडुनिंबाला टेकून सर्वांदेखत रडलो. एकमेकींना कधी न भेटलेल्या दोन साक्षीदार, आणि वाक्य तेच. माझ्या शास्त्रात यापेक्षा पक्का पुरावा नाही, आणि मी तो एका ताटावर बसून खोडून टाकला होता.

गावानं मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, माझं ठरवून झालं होतं आणि ते चुकलं होतं. मास्तर घागर काढायला उतरले होते. एवढं पुरे झालं. बापूरावांनी मान खाली घालून विहीर उघडायच्या ठरावाच्या कागदावर पहिली सही केली. एसटीत राहेलबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि फडक्यातला धपाटा अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.

नगर

आता वर्गात लाजेची कसोटी मी अजूनही शिकवतो, पण तिच्यापुढे एक प्रश्न लिहायला लावतो, लाज कुणाची. पोरांना वाटतं, सर थकले. येशूबद्दलही आता मला जरा वेगळं वाटतं. आम्ही विद्वान जो तो आपल्यासारखाच येशू शोधून काढतो, मास्तराला मास्तर सापडतो आणि बंडखोराला बंडखोर. मला मात्र हल्ली शोधताना त्याच्या आसपासची माणसं दिसतात, ज्यांना काहीतरी सांगता आलं नाही ती.

परवा सामुएलचं पत्र आलं. गाळ काढून झाला, दोन पुरुष खोलीवर पाणी लागलं, गावाला आणि वस्तीला एकाच रहाटानं मिळतं. दफनभूमीत कबर हलवायची की नाही यावर मंडळीत वाद झाला. शेवटी कबर राहू दिली आणि भिंत हलवली. गाळात तांब्याच्या तीन घागरी निघाल्या. दोनवर नावं होती, ती ज्यांची त्यांना गेली. तिसरी कोरी. काशीबाईंनी ती हातात घेतली, हीच म्हणाल्या, पहिलं पाणी तिच्यात भरलं आणि राहेलबाईंना दिलं.

कोरी घागर कुणाचीही असू शकते. मी सामुएलला दोन पानी उत्तर लिहिलं. भिंतीचं विचारलं, पावसाचं विचारलं, राहेलबाईंच्या तब्येतीचं विचारलं. कशावरून, एवढं मात्र विचारलं नाही.